दुपट्यावरचा काळा डाग

एकोणिसावे शतक संपत आले होते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात जेमतेम तीन महिन्यांचे एक बाळ आणण्यात आले. या बाळाची लघवी लागलेली दुपटी थोड्याच वेळात तपकिरी आणि मग काळपट होत. डाग काढण्यासाठी साबण लावावा, तर ते आणखीच गडद होत. त्या बाळाला तपासणारे डॉक्टर होते आर्चिबाल्ड एडवर्ड गॅरॉड. वय चाळिशीचे, स्वभाव अबोल, आणि लघवीच्या रंगांचा अभ्यास करण्याचा छंद असा की सहकाऱ्यांना तो थोडा विचित्रच वाटावा. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने ही गोष्ट दुर्मिळ गंमत म्हणून वहीत टिपून ठेवली असती. गॅरॉड मात्र त्या डागाच्या मागे लागले, आणि त्यातूनच माणसाच्या शरीरातील एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच नसू शकते आणि ही उणीव आईवडिलांकडून वारशाने येऊ शकते, हा विचार वैद्यकशास्त्रात प्रथम मांडला गेला.

गॅरॉड यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वैद्यकी घरातच होती. वडील सर आल्फ्रेड बेरिंग गॅरॉड हे त्या काळातील नामांकित वैद्य. ‘गाउट’ या अत्यंत वेदनादायक सांधेविकारात रुग्णाच्या रक्तात युरिक आम्ल साठते, हे त्यांनी १८४८ मध्ये दाखवून दिले होते. रुग्णाच्या रक्तद्रवात आम्ल घालून त्यात सुताचा धागा सोडायचा आणि धाग्यावर युरिक आम्लाचे स्फटिक धरतात का ते पाहायचे, ही त्यांची साधी परीक्षा पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. सांध्यांच्या आणखी एका व्याधीला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले तेही त्यांनीच. रोगाचे मूळ रक्तातील एखाद्या रसायनात असू शकते, हे या घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. थोरले बंधू आल्फ्रेड हेन्री प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी क्षयाने गेले.

आर्चिबाल्ड यांचे शिक्षण मार्लबरो येथील शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १८८० मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवला. विशेष म्हणजे, तरुणपणी त्यांनी आकाशातील तेजोमेघांवर एक निबंध लिहिला होता आणि तो पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. दूरच्या तेजोमेघातून आलेला प्रकाश वर्णपटमापकातून पाहायचा आणि तेथील द्रव्य ओळखायचे, ही त्या काळातील नवी विद्या. हेच उपकरण पुढे गॅरॉड यांनी रुग्णाच्या लघवीच्या नमुन्याकडे वळवले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी १८८४ च्या हिवाळ्यात काही काळ व्हिएन्नामध्ये घालवला. १८८६ मध्ये त्यांचा विवाह लॉरा स्मिथ यांच्याशी झाला. लॉरा यांचे वडील सर थॉमस स्मिथ हे त्याच रुग्णालयातील नावाजलेले शल्यविशारद. असे सासरे असूनही जावयाची बढती मात्र रखडली. जुन्या रुग्णालयांत वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्या डॉक्टरला वर सरकता येत नसे. गॅरॉड यांना बार्थोलोम्यूमध्ये पूर्ण फिजिशियनचे पद मिळाले ते १९१२ मध्ये, म्हणजे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

या प्रतीक्षेच्या वर्षांचा त्यांनी जो उपयोग केला, तो पाहता ती रखडपट्टी विज्ञानाच्या पथ्यावरच पडली असे म्हणावे लागेल. मुलांच्या रुग्णालयात १८९२ पासून त्यांना रुग्ण पाहायला मिळत होते. जोडीला फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्यासारखा रसायनशास्त्राचा जाणकार मित्र लाभला होता. हेच हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. दोघांनी मिळून लघवीतील रंगद्रव्यांचा कसून अभ्यास केला. निरोगी माणसाच्या लघवीला पिवळा रंग का असतो, आजारात तो का बदलतो, असे हे प्रश्न. आपल्याकडे वैद्य आणि हकीम यांनी मूत्रपरीक्षा शतकानुशतके केली. गॅरॉड यांनी त्या जुन्या परीक्षेला रसायनशास्त्राची जोड दिली.

काळ्या दुपट्यांच्या या विकाराला ‘अल्कॅप्टोन्यूरिया’ हे नाव आधीच मिळाले होते. लघवीत ‘अल्कॅप्टॉन’ नावाचे द्रव्य असते, असे १८५९ मध्ये बोडेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नोंदवले होते. हे द्रव्य म्हणजे होमोजेंटिसिक आम्ल, हे वोल्कोव्ह आणि बाउमन यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. हवा लागली की ते काळे पडते. साखर शोधण्याच्या जुन्या चाचणीतही ते फसवे उत्तर देते, त्यामुळे काही धडधाकट माणसांवर मधुमेहाचा शिक्का बसत असे. पण हे आम्ल तयार का होते? जंतुशास्त्राचा तो सुवर्णकाळ होता. पाश्चर आणि कॉख यांच्या यशाने भारावलेल्या वैद्यांना प्रत्येक आजारामागे जंतू दिसत. अल्कॅप्टोन्यूरियाच्या रुग्णाच्या आतड्यातही एखादा जंतू असावा आणि अन्नातील टायरोसिन या अमिनो आम्लापासून तोच हे द्रव्य बनवीत असावा, असा सर्वमान्य तर्क होता.

गॅरॉड यांना तो पटेना. रुग्णांना दुसरा कोणताही त्रास दिसत नव्हता आणि लघवीचा रंग जन्मभर तसाच राहत होता. संसर्ग असा वागत नाही. त्यांनी १८९९ मध्ये या विकारावर पहिला निबंध वाचला. पण हाती ठोस पुरावा नव्हता.

तो पुरावा त्याच बाळाच्या घरातून आला. बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. १ मार्च १९०१ रोजी तिचे पाचवे मूल जन्माला आले. या वेळी गॅरॉड सावध होते. नवजात बाळाच्या प्रत्येक दुपट्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. पहिली दुपटी स्वच्छ निघाली आणि तिसरा दिवस सरण्यापूर्वीच काळा डाग उमटला. म्हणजे हा विकार बाहेरून चिकटलेला नव्हता. तो बाळाबरोबरच जन्माला आला होता.

पण एकाच घरात दोन-दोन मुले अशी का व्हावीत? एके दिवशी रुग्णालयातून घरी चालत जाताना हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. या मुलांचे आईवडील नात्यातले तर नसतील, अशी शंका त्यांना चाटून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईलाच विचारले. उत्तर होकारार्थी आले. नवराबायको मावसभावंडे होती. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. मराठी वाचकाला यातील मेख पटकन कळेल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रूढ आहे, मावसबहिणीशी मात्र निषिद्ध मानले जाते. रक्ताच्या हिशेबात मात्र दोन्ही नात्यांचे अंतर सारखेच. आजोबा-आजीकडून आलेली एखादी सुप्त उणीव दोन वाटांनी येऊन एकाच मुलात भेटण्याची शक्यता दोन्हीकडे तेवढीच असते.

गॅरॉड यांनी इतर डॉक्टरांना पत्रे लिहून, जुने निबंध चाळून अल्कॅप्टोन्यूरियाच्या कुटुंबांची माहिती गोळा केली. इंग्लंडमध्ये अशी भावंडांतील लग्ने अगदी थोडी होत असताना, या विकाराच्या मुलांचे आईवडील मात्र वारंवार नात्यातले निघाले. ही नोंद १९०१ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि केंब्रिजचे जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांच्या नजरेत भरली. मेंडेलचे वाटाण्यांवरील प्रयोग चौतीस वर्षे धूळ खात पडल्यानंतर १९०० मध्ये नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि बेटसन त्यांचे कडवे पुरस्कर्ते होते. मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी गुण आई आणि वडील या दोघांकडूनही आला तरच संततीत प्रकट होतो. असा दुर्मिळ गुण नात्यातील लग्नांत वारंवार दिसणारच, हे बेटसन यांच्या लगेच ध्यानात आले. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १३ डिसेंबर १९०२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये गॅरॉड यांचा जो निबंध आला, त्यात मेंडेलचा अप्रभावी वारसा प्रथमच माणसाच्या विकाराला लागू झाला होता. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी रासायनिक व्यक्तिवैशिष्ट्य असा शब्दप्रयोग केला. दोन माणसांचे चेहरे जसे सारखे नसतात, तसे त्यांच्या शरीरातील रसायनांचे व्यवहारही तंतोतंत सारखे नसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

सहा वर्षांनी, १९०८ मध्ये, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या मानाच्या क्रूनियन व्याख्यानमालेचे निमंत्रण त्यांना मिळाले. वडिलांचे निधन डिसेंबर १९०७ मध्ये झाले होते. मुलाची ही व्याख्याने ऐकण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. या व्याख्यानांत गॅरॉड यांनी आपला सिद्धांत पूर्णपणे उलगडून सांगितला. आपण खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीराला अमिनो आम्ले मिळतात. त्यांपैकी फेनिलअ‍ॅलनिन आणि टायरोसिन यांचे विघटन पायरी-पायरीने होते आणि प्रत्येक पायरीसाठी वेगळे विकर काम करते. होमोजेंटिसिक आम्ल हा याच वाटेवरचा एक टप्पा. निरोगी माणसाला ते खायला दिले तर ते लघवीत उतरत नाही, शरीरात पुढे जिरून जाते. अल्कॅप्टोन्यूरियाच्या रुग्णात मात्र ते जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणजे हे काही विपरीत द्रव्य नाही. ते सगळ्यांच्याच शरीरात तयार होते आणि क्षणार्धात नाहीसे होते, म्हणून इतरांत दिसत नाही, एवढेच. पाटाचे एक दार बंद राहिले की पाणी अलीकडे तुंबते आणि बांधावरून वाहू लागते, तसा हा प्रकार. बेन्झीनचे कडे फोडणारे विकर या रुग्णांत जन्मतःच नसते, असे अनुमान गॅरॉड यांनी काढले. ते विकर तेव्हा कोणीही वेगळे काढलेले नव्हते. ते नसल्याच्या खुणेवरूनच त्यांनी ते असायला हवे, हे ताडले.

व्याख्यानांत त्यांनी अल्कॅप्टोन्यूरियाच्या जोडीला आणखी तीन विकार घेतले होते : कातडी, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसलेली वर्णहीनता, लघवीत सिस्टिन हे अमिनो आम्ल उतरून खडे बनवणारा विकार, आणि पेंटोज साखर उतरणारा विकार. यांपैकी सिस्टिनच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. तिथे विकराची उणीव नसून मूत्रपिंडात ते अमिनो आम्ल परत शोषले जात नाही, हे नंतर कळले. बाकीचे तिन्ही बरोबर निघाले. ही व्याख्याने १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि चयापचयातील जन्मजात दोषांसाठी गॅरॉड यांनी योजलेली संज्ञा आजही जगभरच्या बालरोग विभागांत रोज वापरली जाते.

पण हे आजचे. त्या वेळी या पुस्तकाचे स्वागत सौजन्याने झाले, इतकेच. १९१० मध्ये गॅरॉड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मान मिळाला, विचार मात्र कोणी पुढे नेला नाही. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॉक्टरांना रोजच्या रुग्णांत असे दुर्मिळ विकार भेटत नव्हते आणि भेटले तरी त्यांवर करण्यासारखे काही नव्हते. आनुवंशिकी शिकणारे लोक फळमाशीचे डोळे आणि कोंबड्यांचे तुरे यांत गढलेले होते. त्यांना रसायनशास्त्र परके. जीवरसायनशास्त्रज्ञांना रुग्णालय परके. गॅरॉड या तिन्ही विद्यांच्या तिठ्यावर उभे होते आणि तिथे त्यांना फारशी सोबत नव्हती.

मग १९१४ उजाडले. महायुद्धात गॅरॉड लष्करी वैद्यकीय सेवेत गेले. १९१५ पासून युद्ध संपेपर्यंत ते माल्टा बेटावर भूमध्य समुद्रातील फौजांचे सल्लागार डॉक्टर होते. गॅलिपोलीच्या रणांगणावरून जखमी आणि आमांश-विषमज्वराने खंगलेले सैनिक जहाजे भरभरून तिथे येत. त्याच काळात त्यांच्या घरावर जे कोसळले, त्याची कल्पनाही करवत नाही. तीन मुलगे होते. थॉमस मार्टिन १९१५ मध्ये आघाडीवर गेला. थोरला आल्फ्रेड नोएल वडिलांसारखाच डॉक्टर. तो जानेवारी १९१६ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. धाकट्याचे नाव बेसिल राहेरे. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची ११२३ मध्ये स्थापना करणाऱ्या राहेरेचे नाव बापाने मुलाला दिले होते. तो लढाईतून सुखरूप वाचला आणि १९१९ मध्ये जर्मनीत कोलोन येथे इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावला. पिढ्यापिढ्यांतून काय चालत येते, याचा शोध घेणाऱ्या या माणसाला साठी ओलांडताना एकही मुलगा उरला नव्हता.

सरकारने १९१८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब दिला. डिसेंबर १९१९ मध्ये ऑक्सफर्डचे रीजियस प्राध्यापक सर विल्यम ऑस्लर यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी १९२० मध्ये गॅरॉड यांची नेमणूक झाली. ऑस्लर हेही त्यांचे जुने स्नेही; त्यांचाही एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये युद्धात पडला होता. एका पुत्रहीन बापाची खुर्ची दुसऱ्याकडे आली.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी १९२७ पर्यंत काम केले. १९२३ मध्ये जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आणि १९३१ मध्ये, निवृत्तीनंतर, एक नवे पुस्तक लिहिले. ठळक दोष असलेले मोजके रुग्ण बाजूला ठेवले तरी प्रत्येक माणूस जन्मतःच काही आजारांकडे झुकलेला आणि काहींपासून सुरक्षित असतो. एकच जंतू एकाला आडवा करतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही, याचे कारण त्याच्या अंगच्या रसायनात असते, हा त्या पुस्तकाचा विषय. ते फारसे कोणी वाचले नाही. १९८९ मध्ये ते पुन्हा छापले गेले, तेव्हा ते काळाच्या किती पुढे होते हे लोकांना उमगले.

अखेरची वर्षे त्यांनी केंब्रिजमध्ये, कन्या डोरोथी यांच्या सहवासात काढली. या कन्येचे कर्तृत्वही थोडेथोडके नव्हे. पॅलेस्टाईनमधील कार्मेल पर्वतावरच्या गुहांचे उत्खनन करून त्यांनी आदिमानवाच्या इतिहासात मोलाची भर घातली. १९३९ मध्ये त्या केंब्रिजमध्ये पुरातत्त्वाच्या प्राध्यापक झाल्या; ऑक्सफर्ड वा केंब्रिजमध्ये हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. वडिलांना मात्र तो दिवस पाहता आला नाही. सर आर्चिबाल्ड गॅरॉड २८ मार्च १९३६ रोजी निवर्तले. डोरोथी अविवाहित राहिल्या आणि १९६८ मध्ये त्यांच्याबरोबर हे घराणे संपले.

गॅरॉड यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी पावावर वाढणाऱ्या बुरशीवर क्ष-किरणांचा मारा करून असे दाखवले की एक जनुक बिघडले की एक विकर निकामी होते. या कामासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. ते स्वीकारताना बीडल यांनी मोकळेपणाने मान्य केले की गॅरॉड हे सत्य कितीतरी आधी पाहून गेले होते. गॅरॉड यांचे नाव मधल्या काळात ज्या थोड्यांनी जिवंत ठेवले, त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते, हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. १९५८ मध्येच अमेरिकन संशोधक बर्ट ला डू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कॅप्टोन्यूरियाच्या एका रुग्णाच्या यकृताचा तुकडा तपासला. वाटेवरची बाकीची विकरे जागच्या जागी होती. होमोजेंटिसिक आम्ल फोडणारे विकर तेवढे नव्हते. अनुमान खरे ठरायला पन्नास वर्षे लागली. त्याचे जनुक हाती आले ते १९९६ मध्ये, माद्रिदमधील शास्त्रज्ञांना आधी एका बुरशीत आणि मग माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर.

दरम्यान या एका विचाराचा विस्तार झाला होता. १९३४ मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅस्ब्योर्न फॉलिंग यांनी मतिमंदत्वाला कारण ठरणारा फेनिलकीटोन्यूरिया शोधला. टायरोसिनच्या वाटेवरच, पण काही पायऱ्या आधी अडणारा हा दोष. जन्मानंतर लगेच तो ओळखला आणि आहार बदलला तर मूल वाचते, हे कळल्यावर १९६० च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेण्याची पद्धत रुळली. भारतात गोवा राज्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती.

एका बाबतीत मात्र गॅरॉड यांचा अंदाज कमी पडला. १९०२ मध्ये त्यांना हा विकार जवळजवळ निरुपद्रवी वाटला होता, रंगरूपातील एखाद्या वेगळेपणासारखा. प्रत्यक्षात शरीरात साठत गेलेले आम्ल वर्षानुवर्षे कूर्चेत उतरते आणि ती काळी, ठिसूळ होते. तिशी-चाळिशीनंतर पाठीचे मणके आखडतात, गुडघे आणि खुबे झिजतात, कानांच्या पाळ्यांवर निळसर छटा येते. ज्या सांध्यांच्या दुखण्यांवर वडिलांनी आयुष्य वेचले, तिथेच मुलाच्या लाडक्या विकाराचा शेवट होत होता.

या रुग्णांना औषध मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. निटिसिनोन हे मूळचे तणनाशकाच्या संशोधनातून निघालेले रसायन होमोजेंटिसिक आम्ल तयार करणाऱ्या आधीच्या विकरालाच रोखून धरते. म्हणजे खालचे दार उघडत नसेल तर वरचेच बंद करायचे. ब्रिटन, फ्रान्स आणि स्लोव्हाकियातील रुग्णांवर चाचण्या झाल्यावर २०२० मध्ये युरोपीय महासंघाने प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. त्यामुळे रक्तातील टायरोसिन वाढते, म्हणून आहारातील प्रथिनांवर लक्ष ठेवावे लागते आणि डोळेही तपासत राहावे लागतात. हा विकार लहानपणी लक्षात आला नाही तर तो अनेकदा पाठदुखीने हैराण झालेल्या प्रौढाच्या तपासणीतच उघड होतो. बालपणी ओळखला गेला, तर आजही बहुधा पहिली खूण आईलाच दिसते, दुपट्यावर.